साठेक पीडीएफ जोडून एकच फाइल करायची आहे, फुकट आणि खात्रीचं सॉफ्टवेअर सुचवा

गोराईकर | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी,

आमची सोसायटी बोरिवली पश्चिमेला. इमारत जुनी, बिल्डर हात वर करून कधीच मोकळा झालेला. आता डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डर जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून देत नसेल तर ती सरकारी अधिकाऱ्याकडून करून घेण्याचा) अर्ज करायचा घाट घातलाय. वकिलांनी कागदांची यादी दिली: सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, प्रत्येकाचं अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (करारनोंदणीचा उतारा), मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, सर्वसाधारण सभेचा ठराव. सगळं एकाच पीडीएफमध्ये आणि यादीच्याच क्रमाने पाठवा म्हणाले.

कागद आले ते असे: कुणी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून पेनड्राइव्हवर दिले, कुणी मोबाइलवर फोटो काढून, त्यांची पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले (एका काकांच्या अ‍ॅग्रीमेंटच्या चारही बाजूंनी डायनिंग टेबलावरचं फुलाफुलांचं मेणकापड दिसतंय), कुणी सरकारी साइटवरून उतरवलेली फाइल पाठवली. नावं म्हणाल तर 'स्कॅन ३', 'डॉक नवीन', 'फायनल फायनल'.

माझ्याकडे विंडोज १० चा साधा लॅपटॉप आहे, खजिनदारांकडे मॅक. अ‍ॅडोबीचा फुकटवाला रीडर आहे, पण जोडायचं बटण दाबलं की पैसे मागतो. सोसायटीच्या खात्यातून पैसे काढायचे म्हणजे आधी मीटिंग, आणि मीटिंग म्हणजे पुन्हा पाण्याच्या टाकीचा विषय. तेव्हा फुकटच हवं. काय वापरता तुम्ही?


सखूबाई | शनिवार, रात्री १०:३०

मेणकापड ठेवा हो तसंच, पुरावा अस्सल वाटेल.
धाग्यावर लक्ष ठेवून आहे, आमच्याकडेही हेच चाललंय.


रोहन_ठाणे | शनिवार, रात्री १०:४१

एवढा धागा कशाला? आयलव्हपीडीएफची साइट उघडा, फाइली ओढून टाका, जोडा म्हणा, उतरवून घ्या. पाच मिनिटांचं काम. मी कॉलेजच्या सगळ्या असाइनमेंट तशाच जोडतो.


फोर्टातली | शनिवार, रात्री ११:०५

रोहन, असाइनमेंटसाठी ठीक आहे. इथे कागद कुणाचे आहेत ते बघ. नोंदणी केलेल्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये पॅन नंबर असतो, मागच्या पानांवर फोटो, अंगठ्यांचे ठसे, बहुतेक वेळा ओळखपत्राची प्रतही जोडलेली असते. असे अख्ख्या इमारतीचे कागद परक्या सर्व्हरवर चढवायचे, तेही सेक्रेटरीने, सभासदांना न विचारता? फाइली काही तासांत पुसून टाकतो असं या साइट लिहितात, आणि नावाजलेल्या साइट तसं करतही असतील. पण आपण ते तपासू शकत नाही. शिवाय गूगलवर शोधलं की वरती जाहिरातीत भलत्याच नावाच्या साइट येतात आणि घाईत माणूस तिथेच फाइल टाकतो.

मी वकिलांच्या ऑफिसात बाडं जुळवण्याचंच काम करते. आमच्याकडे नियम साधा आहे: अशिलाचा कागद ऑफिसच्या मशिनबाहेर जात नाही. उद्या सविस्तर लिहिते, आता विरारला पोचायचंय.


रोहन_ठाणे | शनिवार, रात्री ११:११

बरं बरं. पण काही साइट सगळं काम ब्राउझरमध्येच करतात, फाइल बाहेर जातच नाही. पान उघडल्यावर वायफाय बंद करून बघायचं, तरी जोडून मिळाली तर सर्व्हरची गरजच नव्हती.


लिनक्सवाला_दादर | शनिवार, रात्री ११:४८

चाचणी चांगली आहे, अर्धवट आहे. वायफाय परत चालू केल्यावर ते पान काय करतं ते कुणी पाहिलंय? लॅपटॉपवर चालणारी फुकट सॉफ्टवेअर असताना ही कसरत हवी कशाला.


जोशीकाका_गिरगाव | रविवार, सकाळी ७:०२

फुकट म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंच असा माझा अनुभव आहे. अ‍ॅडोबीने पीडीएफ काढलं, ती कंपनी पैसे मागते आणि बाकीचे फुकट देतात, हे कसं?


लिनक्सवाला_दादर | रविवार, सकाळी ९:१५

काका, शंका रास्त आहे. अ‍ॅडोबीने १९९३ मध्ये पीडीएफ आणलं हे खरं. पण २००८ मध्ये ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं खुलं मानक झालं. आतली रचना कशी असते ते जाहीर आहे, त्यामुळे कुणीही त्यावर सॉफ्टवेअर लिहू शकतं. पीडीएफसॅम बेसिक, पीडीएफ अ‍ॅरेंजर, क्यूपीडीएफ, घोस्टस्क्रिप्ट ही सगळी मुक्त स्रोत आहेत, म्हणजे त्यांचा कोड कुणीही वाचू शकतो. यातले काही पैसेवाली आवृत्तीही विकतात, पोट त्यावर चालतं. पाणी मुरतंय ते एवढंच.


फोर्टातली | रविवार, सकाळी ११:२०

हां, आता नीट.

गोराईकर, तुमच्या कामाला पीडीएफसॅम बेसिक घ्या. त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, 'फ्री डाउनलोड' लिहिलेल्या तिसऱ्याच साइटवरून नको. बसवताना पैसेवाल्या आवृत्तीच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली दिसेल, ती काढा. ती राहिली की चार दिवसांनी लोक म्हणतात, हे पण पैसे मागायला लागलं.

पण सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक फोल्डर करा आणि फाइलींना वकिलांच्या यादीप्रमाणे नावं द्या. ०१ नोंदणी प्रमाणपत्र, ०२ सभासद यादी, ०३ अ‍ॅग्रीमेंट १०१, ०४ अ‍ॅग्रीमेंट १०२, असं. पुढचा शून्य महत्त्वाचा. नुसतं १, २, ३ लिहिलं तर काही सॉफ्टवेअर १ नंतर १० लावतात, मग ११, आणि २ थेट खाली. तुमचं निम्मं काम इथेच होतं, जोडणं म्हणजे शेवटचं एक बटण.

मग 'मर्ज' उघडून सगळ्या फाइली एकदम ओढून टाका. प्रत्येक फाइलीसमोर तिची पानं किती ते दिसतं. ती बेरीज कागदावर लिहून ठेवा, शेवटच्या फाइलीत तेवढीच पानं यायला हवीत. एखाद्या फाइलीतली मोजकीच पानं हवी असतील तर समोरच्या रकान्यात पानांचे आकडे टाकायचे, उदाहरणार्थ १-३,७. झेरॉक्सवाल्याने अ‍ॅग्रीमेंटसोबत कोरी पानंही स्कॅन केलेली असतात, ती अशी गाळता येतात.

खालच्या पर्यायांत तीन गोष्टी बघा. बुकमार्कमध्ये 'प्रत्येक फाइलीसाठी एक नोंद' असा पर्याय आहे, तो निवडा. डाव्या पट्टीत '०७ अ‍ॅग्रीमेंट २०३' असं दिसेल आणि त्यावर टिचकी मारली की थेट तिथे. आमच्याकडे बुकमार्क नसलेलं बाड वकीलसाहेब परत पाठवतात. दुसरं, फाइलींच्या नावांवरून अनुक्रमणिकेचं पान तयार करायची सोय आहे. (हे पान बेरजेत धरू नका, ते जादा येतं.) तिसरं, पानसंख्या विषम असेल तर कोरं पान जोडायची सोय. दोन्ही बाजूंनी छापणार असाल तरच ती हवी, म्हणजे एकाच्या अ‍ॅग्रीमेंटच्या पाठीवर दुसऱ्याचं सुरू होत नाही.

एक वेगळीच युक्ती. जुनी अ‍ॅग्रीमेंट पाठपोट टाइप केलेली असतात आणि स्कॅनरचा कागद ओढणारा साधा फीडर एकच बाजू स्कॅन करतो. तेव्हा आधी सगळ्या पुढच्या बाजू घालायच्या, मग गठ्ठा उलटा करून मागच्या बाजू. दोन फाइली होतात: एकीत १, ३, ५ आणि दुसरीत ६, ४, २. याच सॉफ्टवेअरमध्ये 'आल्टर्नेट मिक्स' आहे. दुसऱ्या फाइलीसमोर 'रिव्हर्स'च्या चौकटीत खूण करायची, पत्ते पिसल्यासारखी पानं एकात एक बसतात. हे माहीत नसलेली माणसं एकेक पान हाताने लावत बसलेली मी पाहिली आहेत.


सखूबाई | रविवार, सकाळी ११:४०

वाचनखूण साठवली. आल्टर्नेट मिक्ससाठी तुम्हाला एक वडापाव लागू.


गोराईकर | रविवार, दुपारी ४:३३

फोर्टातली, दंडवत! बसवलं, चाललं. तीन अडचणी:

१. दोन सभासदांच्या फाइलींवर कुलूप दिसतंय आणि त्या जोडत नाही.
२. मोबाइलच्या फोटोंची पानं आडवी, काही उलटी.
३. मालमत्ता पत्रक सरकारी साइटवरून डिजिटल सहीचं उतरवलंय. ते जोडल्यावर सहीची बरोबरची खूण गेली!


बोरिवली_लोकल | रविवार, दुपारी ४:५०

सोपं आहे. सगळं वर्डमध्ये उघडा, कॉपी पेस्ट करा आणि परत पीडीएफ करा. कुलूपबिलूप काही राहत नाही.


फोर्टातली | रविवार, सायंकाळी ५:१५

कृपा करून असं करू नका. वर्ड पीडीएफ उघडतं म्हणजे आतला मजकूर स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मांडतं. मराठी मजकूर जुन्या बिगर-युनिकोड (मराठी अक्षरांसाठी रोमन अक्षरांचेच संकेत वापरणाऱ्या) फॉन्टमध्ये असेल तर अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांची रांगोळी येते, युनिकोड असला तरी जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या हलतात. कायदेशीर कागदात एक वेलांटी हललेलीही नको. लिब्रेऑफिस ड्रॉचंही तसंच, एखादी ओळ खोडायला ठीक, जोडण्यासाठी नाही.

कुलुपाबद्दल: फाइल त्या सभासदाची, पासवर्डही त्याच्याकडेच मागा. पीडीएफसॅममध्ये कुलपाच्या चिन्हावर टिचकी मारून पासवर्ड टाकता येतो. किंवा सभासदालाच सांगा, फाइल क्रोममध्ये पासवर्ड टाकून उघड, प्रिंटमध्ये जा आणि 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' कर. नवी प्रत बिनकुलपाची होते. ई-आधार असेल तर पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. पण मुळात तुमच्या यादीत आधार आहे का? नसेल तर घेऊच नका. ओळखीसाठी लागलंच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा.


लिनक्सवाला_दादर | रविवार, सायंकाळी ६:०२

तिसऱ्या अडचणीवर मी लिहितो, तिथे लोक नेहमी घोळ घालतात.

डिजिटल सही म्हणजे पानावर दिसणारा तो चौकोन नव्हे. ती त्या फाइलीतल्या मजकुरावरून गणित करून काढलेली असते आणि सही कुणाची आहे आणि 'सही केल्यानंतर या फाइलीला कुणी हात लावलेला नाही' हे सांगते. जोडताना पानं एका फाइलीतून उचलून दुसरीत ठेवली जातात, म्हणजे हात लागलाच. सही तुटणार. फार तर चौकोनाचं चित्र उरेल. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, फुकटचं किंवा लाखाचं, यात फरक पडत नाही. प्रिंट करून पुन्हा पीडीएफ केलीत तरी तेच.

म्हणून सहीवाल्या फाइली मूळ रूपात वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नाव बदललं तर चालेल (नाव बदलल्याने सही तुटत नाही), उघडून 'सेव्ह' मात्र करू नका. जोडलेल्या बाडात त्यांची प्रत संदर्भासाठी घाला आणि वकिलांना मूळ फाइली सोबत स्वतंत्र पाठवा.

आडव्या पानांसाठी पीडीएफ अ‍ॅरेंजर घ्या. विंडोजवरही चालतं. सगळी पानं छोट्या चित्रांसारखी समोर मांडलेली दिसतात, निवडा, फिरवा, ओढून जागा बदला, नको ती उडवा. कडेची जागा कापायची सोयही आहे, म्हणजे मेणकापड जाईल.

आणि लिनक्सवर असाल तर यातलं काही नको. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) पीडीएफयुनाइट लिहायचं, पुढे फाइलींची नावं क्रमाने आणि सगळ्यात शेवटी नव्या फाइलीचं नाव. नवं नाव लिहायला विसरलात तर यादीतली शेवटची फाइल तो निकालाची फाइल समजतो, तेव्हा काम नेहमी प्रतींवर करा.


खजिनदारीण | रविवार, रात्री ८:२०

गोराईकरांनी लिंक पाठवली म्हणून आले, मॅकवाली मीच. आमच्याकडे काहीच बसवावं लागत नाही. फाइंडरमध्ये फाइली निवडून राइट क्लिक केलं की क्विक अ‍ॅक्शन्समध्ये 'क्रिएट पीडीएफ' येतं, झालं. क्रम हवा तसा लावायचा तर प्रिव्ह्यूमध्ये एक फाइल उघडून बाजूला थंबनेल चालू करायचे आणि दुसऱ्या फाइलीतली पानं तिथे ओढून टाकायची. फक्त आधी डुप्लिकेट करून घ्या, कारण प्रिव्ह्यू न विचारता मूळ फाइलीतच सेव्ह करत जातं.

गोराईकर, फाइली तेव्हाच माझ्याकडे दिल्या असत्यात तर एव्हाना जेवण झालं असतं तुमचं.


सखूबाई | रविवार, रात्री ८:३१

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.


गोराईकर | सोमवार, रात्री ९:५०

जोडली! पानांची बेरीजही जुळली. पण फाइल १८० एमबीची झाली. मेलने जात नाही, आणि वकील म्हणतात अर्जाच्या पोर्टलवर तर सोडूनच द्या. जोडल्यामुळे फुगली का?


लिनक्सवाला_दादर | सोमवार, रात्री १०:१०

जोडल्याने फुगत नाही. मूळ फाइलींची बेरीज साधारण तेवढीच असणार. जीमेलवर जोडपत्राची मर्यादा २५ एमबी आहे, तेव्हा मेलने जाणार नव्हतीच. फोल्डरमध्ये आकारानुसार लावून बघा, चार-पाच फाइलींनीच सगळं वजन खाल्लं असेल. बहुतेक झेरॉक्सवाल्याने काळी अक्षरं रंगीत आणि ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन केली असतील. टाइप केलेल्या कागदाला करडा रंग आणि २०० ते ३०० डीपीआय पुष्कळ.

पुन्हा स्कॅन शक्य नसेल तर फक्त त्या जाड्या फाइली बारीक करा आणि मग परत जोडा. सगळं बाड एकदम दाबू नका, आधीच फिकट असलेली पानं वाचता येईनाशी होतात. पीडीएफसॅममध्ये 'कॉम्प्रेस' लिहिलेली चौकट आहे, तिचा स्कॅनवर विशेष परिणाम होत नाही, कारण ती चित्रांचा दर्जा कमी करत नाही. घोस्टस्क्रिप्ट कमांड लिहून चालवतात, त्यात 'ईबुक' नावाची सेटिंग आहे, ती चित्रं १५० डीपीआयवर आणते. 'स्क्रीन' सेटिंग ७२ वर आणते, तिच्या वाट्याला जाऊ नका, इंडेक्स टूवरची बारीक अक्षरं दिसेनाशी होतील.


फोर्टातली | सोमवार, रात्री १०:२५

कमांड लिहायची नसेल तर पीडीएफ२४ क्रिएटर. जर्मन आहे, विंडोजवर चालतं, फुकट, आणि त्यात जोडणं, बारीक करणं, पान क्रमांक टाकणं सगळं आहे. बारीक करताना डीपीआय आणि चित्रांचा दर्जा आपल्याला ठरवता येतो. लक्षात ठेवा, याच नावाची त्यांची ऑनलाइन साइटही आहे, तिथे फाइल वर चढते. आपल्याला लॅपटॉपवर बसवायचं क्रिएटर हवं.

बारीक केल्यावर शंभर टक्के आकाराला शिक्क्याचा गोल आणि मुद्रांकाचा नंबर वाचून बघा. ते वाचता आलं तर पुढे जा.


जोशीकाका_गिरगाव | मंगळवार, सकाळी ६:५५

आमच्या चाळीचे जुने करार लांब मुद्रांक कागदांवर आहेत, म्हणजे लीगल आकाराचे. ते ए४ बरोबर जोडले तर कापले जातात का?


फोर्टातली | मंगळवार, सकाळी ९:४०

नाही काका. पीडीएफमध्ये प्रत्येक पानाचा आकार स्वतंत्र असतो, जोडल्यावरही लांब पान लांबच राहतं. कापलं जातं ते छापताना. प्रिंटरमध्ये ए४ कागद असेल तर छपाईच्या खिडकीत 'फिट' निवडा, 'अ‍ॅक्च्युअल साइझ' ठेवलंत तर तळाच्या सह्या जातील.


गोराईकर | बुधवार, रात्री ९:०५

पाठवली. जाड्या फाइली पीडीएफ२४ने बारीक केल्या, पुन्हा जोडल्या, २२ एमबी झाली. मालमत्ता पत्रक मूळ वेगळं दिलं. मेणकापडवाल्या काकांना खजिनदारीणबाईंनी घरी जाऊन नव्याने स्कॅन करायला लावलं.

वकिलांचं उत्तर आलं: "बुकमार्क छान. आता पान क्रमांक घाला आणि अनुक्रमणिकेत तेच द्या."


फोर्टातली | बुधवार, रात्री ९:३०

पान क्रमांक नेहमी सगळ्यात शेवटी घालायचे, नाहीतर मध्ये एक कागद घुसला की सगळे पुन्हा. आणि आताही वकिलांना विचारून घ्या, आणखी काही जोडायचं आहे का. असणारच.


मधली_आळी | गुरुवार, दुपारी १:१२

उशिरा आले. मुलीच्या प्रवेशाचे कागद जोडायचे आहेत, घरी कंप्युटर नाही, सायबर कॅफेत करावं लागेल. तिथे यातलं काही बसवू देत नाहीत. मग?


लिनक्सवाला_दादर | गुरुवार, दुपारी १:४०

पीडीएफसॅमची न बसवता चालणारी झिप आवृत्तीही मिळते. ओळखीच्या कुणाकडून पेनड्राइव्हवर घ्या, कॅफेत तिथूनच चालवा आणि फाइलीही पेनड्राइव्हवरच ठेवा. पण त्याहून सोपं म्हणजे मोबाइलवर गूगल ड्राइव्हच्या स्कॅनमध्ये सगळी पानं एकामागून एक घ्या, एकच पीडीएफ होते, जोडायची वेळच येत नाही. आणि कॅफेच्या मशिनवर काही उघडलंच तर निघताना डाउनलोड्स आणि रीसायकल बिन दोन्ही रिकामे करा, व्हॉट्सअ‍ॅप वेबमधून लॉग आउट करा. आधीच्या गिऱ्हाइकांची मार्कशीट तिथे पडलेली दिसेलच तुम्हाला.